कॅचरचा अंगठा

लाँड्रीतून घरी आलं की आत्या आधी जमिनीवर आडवी व्हायची आणि दोन्ही पाय पलंगाच्या कडेवर टाकायची. दिवसभर उभ्यानं हॉटेलच्या ओल्या चादरी गरम रुळांच्या यंत्रात सोडायच्या, पलीकडून निघाल्या की घड्या घालायच्या. संध्याकाळपर्यंत पाय आपले आहेत असं वाटायचंच नाही. अशा वेळी तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा घरातला न सांगता पाळला जाणारा नियम होता. तो मोडला चिंगीनं.

चिंगी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची मुलगी. पाळण्यात होती तेव्हा तिला हे नाव शोभत असेल. आता आठवीतली ही पोर दारात उभी राहिली की घरात अंधार व्हायचा.

"आत्या, मला कॅचर केलंय."

"कुणी?"

"सरांनी. म्हणाले, तू प्लेटमागे बस. तुला चुकवून जायला चेंडूला जागाच नाही."

आत्याला हसू आलं आणि पाठोपाठ रागही आला. सॉफ्टबॉलमध्ये बॅट चुकवून आलेला प्रत्येक चेंडू कॅचरनं पकडायचा. तोही प्लेटमागे, म्हणजे बॅटवालीच्या पाठीमागे, उकिडवं बसून, तोंडावर जाळीचा मास्क चढवून, नाकासमोर बॅट फिरत असताना. हे काम सहसा कुणी हौसेनं मागून घेत नाही. आत्यानं मात्र तरुणपणी ते वर्षानुवर्षं केलं होतं, आणि अशा नेटानं की मैदानावर तिला 'भिंत' म्हणत. आता या भिंतीचे गुडघे उठता-बसता कडाकडा वाजायचे.

"शिकव ना मला."

नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण नाही म्हटलं की का, कशाला, हे सगळं बोलत बसावं लागलं असतं आणि तेवढंही त्राण नव्हतं. "रविवारी बघू," ती म्हणाली. रविवारपर्यंत पोर विसरेल, असा तिचा अंदाज. पोर कसली विसरतेय!

रविवारी दोघी निघताना चिंगीची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ताई, घरात एक मोडकी बाई आहे तेवढी पुरे. दुसरी कशाला घडवताय?"

गोदामामागच्या मोकळ्या जागेत आत्या एक खोकं उलटं घालून बसली. उकिडवं बसणं आता तिच्या नशिबात नव्हतं. चिंगीच्या तोंडावर मास्क चढवून तिनं झाडूचा दांडा समोरून सप्पकन फिरवला.

"डोळे मिटलेस."

"नाही मिटले!"

"मग सांग, दांडा कुठल्या हातात होता?"

चिंगीला सांगता आलं नाही. दांडा फिरत राहिला, पोर दचकत राहिली. सगळा रविवार त्यातच गेला. पुढचाही. हळूहळू पापण्यांना सवय झाली. मग जमिनीवर आपटून येणारे चेंडू. "पकडायला जाऊ नकोस, अडव. गुडघे टेक, हनुवटी छातीला लाव, अंगावर घे. चेंडू पुढ्यात पडला की झालं." पोरीच्या अंगावर काळेनिळे डाग पडले, आणि ती ते शाळेत बक्षीस मिळाल्यासारखे दाखवत हिंडली.

एका गोष्टीवर मात्र आत्या हटून बसायची. "ग्लव्ह नसलेला मोकळा हात मांडीमागे. अंगठा मुठीत."

"माहितीये गं."

"माहितीये तर मग बाहेर कसा दिसला?"

सरळ सरळ सांगायचं तर आत्या दमत होती. सोमवारी यंत्रासमोर उभी राहिली की खांदा ठणकायचा. शेजारी उभी राहणारी बाई विचारायची, "रविवारी काय डोंगर फोडतेस का?" तरी पुढचा रविवार आला की पाय आपोआप गोदामाकडे वळायचे. पोरीत दम होता. चेंडू आला की तिचं ते जडशीळ अंग कसं कोण जाणे अलगद सरकायचं, आणि आत्याच्या दुखऱ्या गुडघ्यांना आतून काहीतरी आठवायचं.

शाळेचा संघ उपांत्य फेरीत पोचला. सर येऊन हात जोडून गेले, "ताई, तुमच्यामुळे."

सामन्याला दोन दिवस असताना आत्या आणि चिंगी घरातली वाळलेली चादर धरून घडी घालत होत्या. आत्याचं सगळं आयुष्य चादरीची टोकं धरण्यात गेलेलं. समोरच्या हातानं टोक अंगठ्यात न धरता दोन बोटांच्या चिमटीत धरलंय, हे तिला लगेच दिसलं. तिनं मुद्दाम चादर ताणली. टोक सुटलं.

"हात दाखव."

"काही नाही गं."

"दाखव म्हणते ना."

अंगठा बुडाशी सुजून वांग्यासारखा झाला होता. सरावात बॅटची कड लागून चेंडू त्याच्यावर आदळला होता. पोरीनं कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. डाव्या हातानं जेवली, डाव्या हातानं दप्तर उचललं, वर 'गंमत म्हणून' असं सांगितलं.

"सरांना सांगते मी," आत्या म्हणाली.

चिंगी रडायलाच लागली. "नको ना! सामना होऊ दे, मग दाखवते. तू नाही का खेळलीस? बाबा सगळ्यांना सांगतात, अंगठा मोडला तरी माझी ताई शेवटपर्यंत हलली नाही!"

ते खरं होतं. भाऊ पाहुण्यांना ही गोष्ट सांगायचा, आणि आत्या दर वेळी मान खाली घालून पाणी आणायला उठायची. आज ती उठली नाही. चादर बाजूला ठेवून खाली बसली.

"पुढचं सांगतात का बाबा? दुसऱ्या दिवशी मला बटण लावता येईना. हाड वाकडंच जुळलं. मला शिवणकामात जायचं होतं. चांगल्या दुकानात बोलावलंही होतं. तिथल्या मास्तरांनी कात्री हातात दिली, ती मला दाबताच येईना. मग लाँड्री. चादरीला कात्री लागत नाही." तिनं आपला वाकडा अंगठा पुढे केला. "त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाळा. एकानंही थांब म्हटलं नाही. टाळ्या वाजवणारे घरी गेले, अंगठा माझ्याकडे राहिला."

"मला नाही ऐकायचं," म्हणून चिंगी आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आत्यानं तिला दवाखान्यात नेलंच. एक्स-रेमध्ये हाडाला चीर निघाली. प्लास्टर बसलं. सरांचा चेहरा पडला, पण ते एवढंच म्हणाले, "बरं झालं वेळेवर कळलं." भाऊ दोन दिवस घुम्यासारखा वागला. आणि चिंगीनं अबोला धरला.

सामन्याला आत्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली आणि कुंपणाला टेकून उभी राहिली. चिंगीच्या जागी सातवीतली एक काडीपैलवान पोर बसवली होती. मास्क तिच्यापेक्षा मोठा. चेंडू एकामागून एक तिच्या बगलेतून निसटत होते आणि समोरच्या मुली आरामात पुढचे बेस गाठत गुण घेत होत्या. बाकावर चिंगी प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन दगडासारखी बसली होती. मग मध्येच कधीतरी तिला राहवलं नाही.

"खाली बस! हनुवटी खाली! पकडू नकोस, अडव!"

काडीपैलवाननं पुढचा चेंडू पोटावर घेतला. कळवळली, पण चेंडू पुढ्यात पडला. त्यानंतर बरेच अडवले. तरी सामना हरले. आधीच फार गुण गेले होते. आत्या कुणाला न भेटता बस धरून घरी आली.

अबोला चालूच राहिला. पण एका हातानं वेणी घालता येत नाही आणि आई सकाळीच दुकानावर जायची. त्यामुळे रोज सकाळी चिंगी कंगवा घेऊन यायची आणि आत्याकडे पाठ करून मुकाट बसायची. आत्याही मुकाट वेणी घालायची. असे कितीतरी दिवस गेले. मग एकदा, पाठ तशीच ठेवून, पोर म्हणाली, "आत्या, तुला राग नाही आला? कुणीच थांब म्हटलं नाही त्याचा?"

आत्यानं विचार केला. "तेव्हा नाही आला. तेव्हा मला बरंच वाटलं होतं. नंतर आला. मग तोही दमला."

उठताना चिंगीनं डोकं क्षणभर आत्याच्या गुडघ्यावर टेकवलं.

प्लास्टर निघालं, अंगठा सरळ जुळला. पुढच्या वर्षी ती पुन्हा प्लेटमागे बसली. फार नावबिव झालं नाही. संघ कधी जिंकला, कधी हरला. आत्याचा खांदा मात्र पार गेला. डॉक्टरांनी चेंडू फेकणं बंद करायला सांगितलं, आणि खरं तर तिला ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं.

एका रविवारी दुपारी ती चप्पल शोधत होती, तर चिंगी दारातून म्हणाली, "तू झोप. काडीपैलवान खाली आलीये, मीच शिकवते तिला."

"तिला अंगठ्याचं..."

"सांगितलंय गं!"

जिन्यावर चिंगीची धावपळ ऐकू आली, मग थांबली. आत्या थोडा वेळ दाराशी उभी राहिली. जाऊन बघावं असं वाटत होतं. मग तिनं पडदा ओढला, कुशीवर वळून पाय पोटाशी घेतले, आणि कितीतरी वर्षांनी भर दुपारी गाढ झोपली.