दिनूच्या पितळी घोड्या

दिनू गेल्याचं वहिनींनी व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर सांगितलं, तेव्हा मी सिंगापूरला, सेम्बावांगच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात एका जहाजाच्या पोटात होतो. "बरं, निघतोच," एवढंच म्हणालो. त्यांचं घर माझ्यापासून तीन ब्लॉकवर, पण तिथे पाऊल ठेवून मला आठ महिने झाले होते.

दिनू माझा जुना मित्र, मरीन इंजिनिअर. एकदा बाल्टिमोरला जहाज अडकलं, तेव्हा मोडीत निघालेल्या एका जुन्या घरातून त्यानं या दोन पितळी घोड्या आणल्या. तिकडे पूर्वी दिवाणखान्यात फायरप्लेस असे; त्यात लाकडं खाली न ठेवता अशा घोड्यांवर रचत. पुढे गुडघाभर उंचीचा नक्षीदार पितळी खांब, मागे हातभर लोखंडी दांडी. अमेरिका नवी नवी होती तेव्हाच्या आहेत, असं तो छाती फुगवून सांगे. इथे एसी बंद केला की घाम फुटतो, आणि हा गडी शेकोटीचं सामान मांडून बसलेला! वहिनी आणि लेक अनघा गणपतीच्या आधी चिंच लावून त्या लखलखीत करत. पण पाचगणीच्या थंडीत आपल्या प्लॉटवर घर बांधायचं, त्यात या घोड्यांसाठी फायरप्लेस करायची, हा त्याचा ध्यास. नकाशे मलाच दाखवायचा. मीही खुळ्यासारखा धुराडं कुठून काढायचं यावर तासतासभर वाद घालायचो.

एकदा तो जहाजावर असताना वहिनींच्या आई राहायला आल्या आणि दांडीला अडखळून पडल्या. "भाऊजी, तेवढ्या कापून द्या हो," वहिनी म्हणाल्या. मी यार्डात नेऊन दांड्या कापल्या आणि भंगारात टाकल्या. दांडीच नसेल तर लाकूड राहणार कशावर, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही... दिनू परतला. कापलेल्या जागेवर अंगठा फिरवून म्हणाला, "सफाईनं कापलंयस." पाचगणीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. त्याचं घर मीच मोडलं, असं मला वाटत राहिलं. लाजेनं जाणं कमी केलं. अशी सहा वर्षं गेली.

तेराव्यानंतर एका रविवारी हे वहिनींजवळ बोललो. चहा गाळता गाळता त्या वळल्या.

"अहो, प्लॉट तर दांड्या कापायच्या आधीच विकला होता. अनघाच्या कॉलेजसाठी. तुम्ही इतक्या हौसेनं नकाशे बघायचात, तुम्हाला सांगायचा त्यांना धीरच होईना."

घोड्या शोकेसशेजारी उभ्या होत्या. मला रडू यायच्या ऐवजी रागच आला. "गाढवा, एकदा सांगायचं होतंस ना!" मी दिनूच्या फोटोला म्हणालो, चांगलं मोठ्यानं.

वहिनींनी चहा माझ्यापुढे ठेवला. "आणि भाऊजी, तुम्ही तरी कुठे विचारलंत?"