अंग भरलं

दहावी झाली आणि बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावातून मला अमरावतीला, राजापेठेत मामाकडे आणून ठेवलं. क्लासेस तिथंच होते. गावात मी कबड्डी खेळायचे, चालत शाळेत जायचे, दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायचे. तेव्हा मी अगदी काटकुळी होते आणि आईला त्याचीच लाज वाटायची.

मामेबहीण माझ्याच वयाची, अंगानं जाड. क्लासमधली पोरं तिला 'टँकर' म्हणायची. ती तिथं हसायची आणि घरी आली की दार लावून घ्यायची. एकदा तिनंच विचारलं, "तू मले पळाले शिकवशील?"

पळायला काय शिकवायचं, मला कळेना. तरी आम्ही रोज सकाळी जवळच्या शाळेच्या मैदानावर जाऊ लागलो. आधी ती एका फेरीतच खाली बसायची. मग दम टिकायला लागला. घामेजलेला चेहरा ओढणीनं पुसत म्हणायची, "थांबू नको, अजून एक."

एका सकाळी कुंपणापाशी दोन पोरं गाडीवर बसलेली दिसली. कोणाची तरी वाट पाहून राहिले असतील, असं वाटलं. संध्याकाळी तिच्या धावण्याचा व्हिडिओ क्लासच्या ग्रुपवर आला.

मामा म्हणाला, "क्लासवाल्या सरले सांगतो." मामीनं त्याला थांबवलं. "पोरीचा मामला हाय. अजून बोभाटा होईन." मग आमच्याकडे वळली, "काहून जाता बाहेर? काय कराचं ते घरात करा!" घरात आमच्या वाट्याला एक खोली होती. दोन टेबलं, एक पलंग.

बहिणीनं जेवणच तोडलं. ताटातली पोळी ती हळूच माझ्या ताटात सरकवायची. मी खायचे. ती वाळत गेली, मी दिवसभर बसून फुगत गेले. पाहुणे तिला म्हणायचे, "छान बारीक झाली व!" एक दिवस ती क्लासच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही.

दिवाळीत मी गावी गेले. आई खूश. "अंग भरलं माह्या पोरीचं. शहर मानवलं!" जुन्या मैत्रिणींनी खेळायला ओढलं. पहिल्याच चढाईत छाती फुटेलसं झालं, परत रेषेपर्यंत पोचलेच नाही. कोणी हसलं नाही. एकीनं हात धरून मला बाजूला बसवलं, आजारी माणसाला बसवतात तसं.

परतल्यावर बहिणीला म्हटलं, "उद्या जाऊ न मैदानावर? अंधारातच जाऊ."

तिनं पुस्तकातून मान वर केली नाही. "तू जा. मले कोणाले दिसाचंच नाही."

एकटीनं जायची माझी हिंमत झाली नाही. आता दोघी कॉलेजात आहोत. ती अजून कोणासमोर जेवत नाही. मला दोन जिने चढले की थांबावं लागतं.