ताईनं न कापू दिलेलं गवत

भाचीचा, मीनलचा फोन आला. रडली नाही. "मामा, आई गेली," एवढंच म्हणाली... आणि मग, "गवताला कुणाला हात लावू द्यायचा नाही, असं सांगून गेली."

सुमनताई माझी थोरली बहीण. मराठवाड्यातल्या आमच्या गावी बांधाबांधानं लावऱ्या पळायच्या. कोंबडीच्या पिल्लाएवढा, मातकट, उडण्यापेक्षा पळणंच पसंत करणारा हा पक्षी. ताईची नोकरीची सगळी वर्षं सानपाड्याच्या दोन खोल्यांत गेली. निवृत्त झाल्यावर तिनं तळोज्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एका सोसायटीत बैठं घर घेतलं आणि आधी काय केलं, तर मागच्या अंगणातल्या फरश्या उखडल्या. तिथं गवत वाढू दिलं, कडेनं करवंद आणि बोर लावली, मांजराला शिरता येणार नाही असा काट्याकुट्यांचा ढीग रचला, धुळीत लोळायला एक कोपरा मोकळा सोडला. दाणे मात्र टाकायची नाही. गवताचं बी आहे, किडे आहेत, लावऱ्यांना पाहुणं करायचं नाही, म्हणायची.

दोन वर्षं लावऱ्या आल्या नाहीत, सोसायटीची माणसं तेवढी आली. साप होतील, डास होतील, बाकीची अंगणं बघा कशी चकाचक... ताई त्यांना चहा पाजून परत पाठवायची. मग एका हिवाळ्यात तिचा फोन आला, कुजबुजत. "आल्यात. जोडी हाय."

पुढं तिला कॅन्सर निघाला. केमो सुरू असताना सोसायटीनं गवत कापायचं मशीन पाठवलं. मी तिथंच होतो. डोक्याला ओढणी गुंडाळून ताई बाहेर आली आणि सरळ गवतात मांडी घालून बसली. सेक्रेटरी समजावत राहिले, साप निघाला तर काय कराल म्हणाले.

"चावंल मला. मी तशीबी जाणारच हाय," ताई म्हणाली. "पण मी हाय तोवर इथं पातं फिरणार नाही."

मशीनवाला निघून गेला. पाऊस ओसरल्यावर त्याच गवतातून मादीमागं पिल्लं धावताना आम्ही पाहिली.

ताई गेल्यावर सेक्रेटरी भेटायला आले. जाता जाता त्यांनी हळूच विचारलं, आता अंगण साफ करून घ्यायचं ना? मीनल शांतपणे म्हणाली, "काका, मी राहायला आलेय इथं."

स्वयंपाकघराची खिडकी त्या गवतावर उघडते. तिथं खुर्ची ओढायची नाही, उचलून ठेवायची, ही ताईची शिस्त. परवा मी विसरलो. बाहेर लावऱ्या भुर्र उडाल्या, आणि मीनलनं माझ्याकडे थेट ताईच्या नजरेनं पाहिलं...

मी खुर्ची उचलली.