शनिवारची पेटी

आज लिफाफा चिकटवताना डिंकाचा आंबूस वास आला आणि बाजारहत्नूरच्या शाळेतली लाल पेटी आठवली. आमचे हेडमास्तर जिल्ह्याला सुसंवादाचं प्रशिक्षण घेऊन आले आणि त्यांनी तक्रारपेटी थेट स्वतःच्या टेबलावर ठेवली. तोंडी काही सांगायचं नाही, लिहून पेटीत टाकायचं. पेटी शनिवारी उघडणार. सुसंवाद शिकून आलेला असला ठोंब्या मी दुसरा पाहिला नाही.

सोमवारी शाळेची स्वयंपाकीण शांताबाई ओल्या हातानं त्यांच्यासमोर उभी राहिली. "सर, तांदूळ सरला. उद्या पोरायले काय घालू?"

हेडमास्तरांनी मान वर न करता पेटीकडे बोट दाखवलं.

"मले लिवता नाई येत."

"मग कोणाकडून लिहून घे."

मी तिथलाच शिक्षक, शेजारच्याच टेबलाशी बसलो होतो. वळणदार अक्षरात लिहून दिलं, लिफाफ्याला डिंकही नीट लावला. शनिवारपर्यंत पोरं नुसतं वरण पिऊन वर्गात बसली.

त्या माणसाची टवाळी मी आजवर कितीदा केली असेल. लिफाफा घेताना शांताबाई मला काय म्हणाली, ते मात्र कधी कोणाला सांगितलं नाही.

"गुर्जी, तुमाले त बोलता येते ना?"