आधी चिठ्ठी

"भैया, आधी चिठ्ठी!"

मी संगणकाकडे हात नेला की आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमचा हात मध्ये यायचा. हातात कागदाचा चतकोर तुकडा असे. आकडे उघडण्याआधी काय निघेल असं वाटतं आणि का वाटतं, ते त्यावर लिहायचं, घडी घालायची आणि त्यांच्या जुन्या पोळ्यांच्या डब्यात टाकायची. मग आकडे बघायचे. ज्याची चिठ्ठी चुकेल त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या हट्टाचा आधी राग येतो आणि पुढे तो आपणच चालवतो.

मी साताऱ्याचा, नोकरीपायी झाँसीत आलेला. मॅडमचं घराणं सात पिढ्यांपूर्वी मराठ्यांच्या कारभारात इकडे आलेलं. लक्ष्मी ताल या तळ्याजवळ घर. मराठी बोलता बोलता त्या हिंदीत शिरायच्या आणि वर मलाच ऐकवायच्या, "तुम तो कल के आए हो."

आमची प्रयोगशाळा हरभऱ्याच्या मर रोगामागे लागली होती. उभं रोप बघता बघता वाळतं आणि शेजारच्या शेतात मात्र सगळं हिरवंगार. असं का? मातीचे नमुने, मुळांतली बुरशी, पाऊस, तापमान, शेतकऱ्यांनी सांगितलेली पेरणीची तिथी, सगळं शेतागणिक गोळा केलेलं होतं. ते एकत्र जुळवणं माझं काम, आणि त्याचा मला माज होता.

"आकडेच सांगतील की," मी म्हणायचो.

"न विचारता कोण सांगतं, भैया? आणि विचारायला आधी आपल्याला काही वाटावं लागतं."

मॅडमना वर्षानुवर्षं एकच वाटत आलेलं. जमीन गरम असताना बुरशी जोरात असते, म्हणून दिवाळीआधी पेरलेला हरभरा मरतो. आकडे नेमके उलटे निघाले. उशिरा पेरलेली शेतंच जास्त वाळली होती. वरिष्ठ खूश झाले. गावोगाव वाटायचं पत्रक तयार झालं, 'लवकर पेरा'. सोमवारी ते छापायला जाणार होतं. मॅडमनी चहा केला आणि मी तो जरा जास्तच खुशीत प्यायलो, हे कबूल करतो.

त्यांना मात्र चैन पडेना. "मी चुकले तर फार तर चहा करीन. पत्रक चुकलं तर लोकांचा हंगाम जाईल." शनिवारी सकाळी त्यांनी उशिरा पेरून वाळलेल्या शेतांची यादी घेतली, मला बरोबर घेतलं आणि आम्ही मऊरानीपुरची बस पकडली. यादीतल्या पहिल्याच शेताच्या बांधावर त्याचे म्हातारे मालक बसले होते.

"दद्दा, चना कब बोया था?" मॅडमनी विचारलं.

"कातिक बदी पाँचें खों." म्हणजे कार्तिक वद्य पंचमीला.

"दिवाली के बाद?"

"नईं बिन्नू, दिवाली तो बाद में आई."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तिथींच्या तारखा कशावरून काढल्यात?"

"घरून आणलेल्या मराठी कॅलेंडरवरून."

"त्यात दिवाळी कुठल्या महिन्यात?"

"आश्विनात," मी म्हणालो आणि मॅडमच्या हातातली यादी ओढून घेतली.

आपला महिना अमावास्येला संपतो, इकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे सारखा, पण वद्य पक्षाला इकडे पुढच्या महिन्याचं नाव. म्हणजे वद्यातली प्रत्येक पेरणी मी महिनाभर पुढे ढकलली होती. दिवाळीआधीची शेतं माझ्या तक्त्यात उशिराची झाली होती. बाकीच्या तारखा बरोबर होत्या, म्हणून कुणाला शंकाही आली नाही.

रविवारी आम्ही सगळ्या तारखा पुन्हा लावल्या आणि चित्र पालटलं. सोमवारी साहेबांसमोर मॅडम उभ्या राहिल्या. "चूक माझी. झाँसीची मी आहे, तिथी मी तपासायला हव्या होत्या." माझं नावही घेतलं नाही. पत्रकावर छापलं गेलं, 'दिवाळीआधी पेरू नका'. त्या दिवशी चहा मी केला. साखर घालायची राहिली, पण मॅडमनी कप रिकामा केला.

त्याच आठवड्यात त्यांनी सीपरी बाजारातून हिंदी पंचांग आणून माझ्या कॅलेंडरशेजारी टांगलं. निवृत्त झाल्यावरही पेरणीच्या दिवसांत यायच्या, डब्यात चिठ्ठी टाकायच्या आणि सगळ्यांना दटावून जायच्या. यंदाच्या पेरणीलाही येऊन गेल्या आणि त्याच हिवाळ्यात वारल्या.

यंदाच्या हंगामाचे आकडे आले तेव्हा नव्या सहकारी मुलीने संगणकाकडे हात नेला. माझा हात आपोआप मध्ये गेला. आधी डबा उघडला. माझ्या चिठ्ठीत होतं, 'फरक पडणार नाही. लोक ऐकत नाहीत.' मॅडमच्या चिठ्ठीत, त्यांच्या तिरप्या अक्षरात, 'या वेळी मर कमी. लोकांनी ऐकलं असेल.'

मग आकडे उघडले. गावांमागून गावं दिवाळीनंतर पेरलेली, आणि मर कमी.

मी उठून चहा ठेवला. चुकल्याचा एवढा अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.