अडकित्त्याच्या प्रसंगाला आलेले अभिप्राय

प्रेक्षकांना मायबाप म्हणणाऱ्यांनी आमची अभिप्रायाची वही एकदा वाचायला हवी होती. मला त्या वहीची अजून शिसारी येते. तिच्या पानांवर बटाटेवड्याच्या तेलाचे डाग आहेत, कारण लोक खाता खाता लिहायचे आणि बोटं पानालाच पुसायचे.

आमची हौशी नाट्यसंस्था पनवेलची. मी नवीन पनवेलात राहायचो, बेलापूरला नोकरी करायचो आणि सुट्टीच्या दिवशी संस्थेसाठी नाटकं लिहायचो. संस्थेची एक जुनी पद्धत होती. प्रयोग संपला की दाराशी टेबल, टेबलावर वही, वहीला सुतळीने बांधलेलं पेन. प्रेक्षक पांगले की मेकअपच्या खोलीत चहा यायचा, नट मंडळी रंग न उतरवता बसायची आणि नाटकाच्या लेखकाने ती वही मोठ्याने वाचून दाखवायची. चांगलं असो, वाईट असो, काही गाळायचं नाही. हा दंडक मास्तरांनी घालून दिलेला.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक आणि आमचे सगळ्यात जुने नट. एका गाजलेल्या जुन्या रहस्यकथेवरचं नाटक संस्था वर्षानुवर्षं करत आली होती आणि त्यातला गुप्तहेर मास्तरच करायचे. शेवटच्या प्रवेशात सगळे संशयित दिवाणखान्यात जमतात. गुप्तहेर बोलता बोलता खिशातून सुपारी आणि अडकित्ता काढतो आणि कुणाकडेही न बघता सुपारी कातरतो. कट् असा एकच आवाज होतो. तेवढ्या आवाजाने खुनी मोडून पडतो. मी शाळेत असताना पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईंनी माझा दंड पकडला होता.

पुढे ते नाटक बघायला कुणी फिरकेना. टीव्हीवर विनोदी कार्यक्रमांचा सुळसुळाट झाला होता आणि सुकापूरपर्यंत पसरलेल्या नव्या सोसायट्यांतल्या लोकांना रविवारी फक्त हसायचं होतं. कार्यकारिणीने मला सांगितलं, त्याच नाटकाचं विडंबन लिही. मी लिहिलं. लाज वाटली नाही, उलट मजा आली. माझा खुनी मोबाइलला रेंज मिळेना म्हणून प्रेताभोवती घिरट्या घालायचा, प्रेताला मध्येच शिंक यायची आणि हवालदार पंचनाम्यावर प्रेताचीच सही मागायचा.

मास्तरांनी संहिता वाचली आणि एकच अट घातली. म्हणाले, "बाकी काय धिंगाणा घालायचा तो घाल. अडकित्त्याचा प्रसंग मात्र मी होता तसाच करणार. आपण कशाची टिंगल करतोय, ते लोकांना एकदा दिसू दे तरी."

मी लगेच कबूल झालो, कारण मला ते मनापासून पटलं होतं. तालमीत मात्र मास्तर तो प्रसंग नुसता बोलून दाखवायचे. सुपारी एकदम प्रयोगालाच, म्हणायचे. उजवा हात कायम कोटाच्या खिशात. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा काय रुबाब आहे!

पहिला प्रयोग रविवारी दुपारी होता. नाट्यगृह भरलं. शिंकेला हशा आला, पंचनाम्याला टाळ्या पडल्या, मी विंगेत खूश. मग शेवटचा प्रवेश आला. मास्तरांनी हात खिशातून बाहेर काढला आणि तो हात हलत होता. मनगटापासून बोटांपर्यंत, थांबायचं नाव नाही. अडकित्त्याची पाती खडखड वाजायला लागली. सुपारी मध्ये बसेना. मागून एकजण फिसकन हसला आणि मग अख्खं नाट्यगृह खदखदायला लागलं. मास्तरांनी डाव्या हाताने उजवं मनगट आवळलं, त्यावर आणखी हशा. सुपारी उडाली आणि पहिल्या रांगेत जाऊन पडली. शिट्ट्या आल्या. खुन्याचं काम करणाऱ्या नटाने प्रसंगावधान राखून तशीच लोळण घेतली आणि पडदा पडला.

हा अभिनय नाही, हे मला तिथेच कळलं. समोर बसलेल्या शेकडो लोकांना मात्र कळलं नाही. की कळूनही हसत होते, कोण जाणे. दोन्हींची मला सारखीच किळस आली.

मी वहीपाशी जाऊन उभा राहिलो. एक गृहस्थ बायकोला हात थरथरवून दाखवत होते आणि ती खिदळत त्यांच्या खांद्यावर पडत होती. कळंबोलीहून आलेला एकजण म्हणाला, "आजोबांचं टायमिंग एकदम परफेक्ट, बॉस!" एक वयस्कर वाचनप्रेमी मूळ कथेच्या विटंबनेवर अर्धं पान खरडून गेले. मला वाटलं, निदान यांनी तरी काही पाहिलं असेल. त्यांनी लिहिलं होतं की, 'गुप्तहेराला थरथरणारा दाखवणे हा हिणकस विनोद असून नटाने तो करायला नकार द्यायला हवा होता.' त्यांना नाटक आवडलं नाही, आणि दिसलंही नाही.

त्यांच्या खालचा अभिप्राय सुवाच्य अक्षरात होता. 'अडकित्त्याच्या प्रसंगातील हात थरथरवण्याचा अभिनय लाजवाब. पोट दुखेपर्यंत हसलो.' तो लिहिणाऱ्याच्या पाठोपाठ त्याच्या सोसायटीची अख्खी रांग उभी होती, सगळी नोकरदार माणसं. पुढच्याने लिहिलं, 'वरीलप्रमाणे', आणि सही ठोकली. त्याच्या पुढच्याने, 'वरीलप्रमाणे'. पान संपेपर्यंत वरीलप्रमाणे. जन्मभर कागद पुढे सरकवत आलेले हे लोक हसले तेही वरीलप्रमाणेच असणार.

एवढ्यात कुणीतरी माझी बाही ओढली. मास्तरांना मासे देणारी उरणची कोळीण होती, त्यांनी दिलेल्या पासावर आली होती.

"नाटक तुमीच लिवलाय ना?"

"हो."

"मेल्याला शिंक आली तवा मी पन हसले. पन मास्तरांचा हात खराच हालतोय. मावरा घेताना पिशवी धरवत नाय त्यांना, मीच गाठ मारून देते. त्यात हसन्यासारखा काय हाय? तुमाला म्हाईत नवता?"

माझ्या तोंडून निघालं, "हे वहीत लिहा ना."

"मना लिवाला येत नाय," ती म्हणाली. "आनि तुमाला सांगितला ना आता." माझ्याकडे नापसंतीने बघून ती निघून गेली. तिचा अभिप्राय वहीत नाही.

मेकअपच्या खोलीत चहा आला. मास्तर उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. "वाच," म्हणाले. मी वाचत गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा गाळायला लागलो. वाचनप्रेमी गृहस्थ अख्खे गाळले. त्या सुवाच्य अक्षरापाशी आलो तेव्हा 'अडकित्त्याच्या प्रसंगातील अभिनय लाजवाब' एवढंच वाचलं आणि पुढे 'वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे' करत पान उलटलं.

"थांब," मास्तर म्हणाले. "एवढ्या लोकांना लाजवाब वाटलं, तर मग हसत का होते? पूर्ण वाच."

मी पूर्ण वाचलं. बाकीच्या नटांना वाटलं कौतुकच आहे. "मास्तर, तुम्ही छुपे रुस्तम निघालात! तालमीत पत्ता लागू दिला नाहीत," असं म्हणत ते टाळ्या पिटायला लागले. मास्तर आमच्याकडे बघत राहिले. मग हसले.

"अभिनय वाटला ना सगळ्यांना? मग ठीक आहे," ते म्हणाले.

बाकीचे गेल्यावर मी विचारलं. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते की हे आता वाढतच जाणार. घरी ठाऊक होतं, बाहेर कुणाला नाही. "कळलं की लोक आधी खुर्ची पुढे करतात आणि मग काम देणं थांबवतात," ते म्हणाले. "मला एवढ्यात बसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकाच्या मोबाइलवर तोच प्रसंग चालू होता. कुणीतरी प्रेक्षकांतून चित्रित केला होता आणि आता ब्लूटूथवरून या फोनमधून त्या फोनमध्ये जात होता. फक्त हात. चेहरा चौकटीत आलाच नव्हता.

दुसऱ्या प्रयोगाआधी मी मास्तरांच्या घरी गेलो आणि म्हणालो, तो प्रसंग काढून टाकतो. त्यांनी साफ नकार दिला. "तो बघायलाच येतायत आता. काढलास तर विचारतील, का काढला."

दुसऱ्या प्रयोगाला मी विंगेत उभा होतो ते मूठ आवळून. कोण पहिला हसतो ते बघायचं आणि त्याला मनातल्या मनात शिव्या घालायच्या, असं ठरवूनच. पण मास्तर शेवटच्या प्रवेशापर्यंत थांबलेच नाहीत. पहिल्या प्रवेशातच त्यांनी हात बाहेर काढला आणि मोकळा सोडला. मग डावाही हलवायला लागले, तो तर धडधाकट होता. मग गुडघा. हवालदाराला सलाम करायला गेले आणि त्याची टोपी उडवली, ती उचलायला वाकले तर त्याच्या पट्ट्यात बोटं अडकली, आणि दोघं मिळून थरथरत प्रेतापर्यंत गेले. प्रेत घाबरून उठून बसलं. हे माझ्या संहितेत कुठेही नव्हतं. उजवा हात कुठे आजाराने हलतोय आणि कुठे ते हलवतायत, काही कळत नव्हतं.

आणि मी हसलो. नुसतं स्मित नव्हे, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पडद्याची दोरी धरून हसलो. सगळं माहीत असून हसलो. मास्तर एक्झिट घेताना माझ्यासमोरूनच गेले.

प्रयोग संपल्यावर ते घामाघूम होऊन माझ्यापाशी आले. मी मान खाली घातली. माझी मलाच इतकी किळस कधी आली नव्हती.

"हसलास ना? मी बघितलं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट हायसं वाटल्यासारखे दिसत होते. "तुला ठाऊक असून तू हसलास, म्हणजे जमलं. आता कुणाला काही कळायचं नाही."

मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि छाती माझ्यापुढे केली.

"कोटाची बटणं सोड जरा. लवकर, बाकीचे नट आत यायच्या आत."