तिसऱ्या सिलिंडरमागची चीर

गुणवंत मेश्रामांनी ती गाडी घेतली तेव्हा लक्ष्मीबाई नगरातले शेजारी त्यांना हसले होते. गोल पाठीची जुनी जर्मन गाडी, इंजिन मागे, डिकी पुढे, आणि पाणी घालायला रेडिएटरच नाही. इंजिन नुसत्या वाऱ्यावर थंड व्हायचं. मायदेशी परत चाललेल्या एका परदेशी अधिकाऱ्याकडून त्यांनी ती घेतली. नागपूरहून राजधानीत बदलून आलेले, केंद्र सरकारच्या कचेरीत फायली सांभाळणारे मेश्राम हौस म्हणून गाडी घेणाऱ्यांतले नव्हते. गाडी घेतली ती अरुणाताईंसाठी.

अरुणाताईंना दमा होता. मुलगी उल्का पानिपतला दिलेली, तिची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे उल्काला घर सोडून येता येत नसे. आईनंच जायचं म्हटलं तर स्टेशनचा जिना चढवत नव्हता, बसच्या गर्दीत जीव घाबरा व्हायचा. एकदा डिझेलच्या टॅक्सीत बसवून पाहिलं, तर आझादपूर यायच्या आतच माघारी फिरावं लागलं. उल्काला दिवस गेल्याचं कळलं आणि मेश्रामांनी स्वतःच्या गाडीचं मनावर घेतलं.

ऐन थंडीत दोघं निघाले. अरुणाताईंच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता. सोनिपतचा फाटा मागे पडला आणि गाडीत जळक्या तेलाचा वास भरला. इंजिनातून झिरपणारं तेल तापलेल्या पत्र्यावर पडत होतं, आणि त्याचा धूर हीटरच्या वाटेनं सरळ आत येत होता. हीटर बंद केला तरी त्याची गंजलेली झडप नीट मिटत नव्हती. खिडक्या लावल्या तर हा धूर, उघडल्या तर ट्रकांचा. मेश्रामांनी गाडी कडेला घेतली, अरुणाताईंना उतरवून शेताच्या बांधावर बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिले. धाप जरा बसायला दुपार झाली.

"चलो, परत फिरू या," त्या म्हणाल्या. "तिथं असं झालं तर उल्का घाबरेल."

त्यानंतर मेश्रामांचे सगळे रविवार क्वार्टरपुढच्या निंबाखाली गेले. करोलबागेतले बलबीरसिंग मिस्त्री जसं सांगतील तसं ते करत. आधी इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या झाकणांची बुचाची गॅस्केटं बदलली. मग इंजिन खाली उतरवून, हेड काढून, सिलिंडरखालच्या नळ्यांचे रबरी सील. मग ऑइल कूलरचे. प्रत्येक वेळी गाडीखाली वर्तमानपत्र अंथरायचं आणि सकाळी उचलून बघायचं. डाग लहान व्हायचा, पण जायचा नाही.

शेवटी त्यांनी सगळं इंजिन रॉकेलनं धुऊन कोरडं केलं, अरुणाताईंची टाल्कम पावडर त्याच्यावर फुंकली आणि गाडी फिरवून आणली. बॅटरीच्या उजेडात मिस्त्रींनी आणि त्यांनी वाकून पाहिलं. तिसऱ्या सिलिंडरच्या मागे पांढऱ्या पावडरीत एक ओली काळी रेघ उमटली होती. सील नव्हे, इंजिनाचं कवचच चिरलं होतं.

"बाबूजी, ये केस गया," बलबीरसिंग म्हणाले. "वेल्डिंग पकड़ेगी नहीं. गरम होते ही फिर खुल जाएगी."

"दूसरा केस?"

"मिलेगा कहाँ? बाहर से आता था."

तरी मेश्रामांनी चिरेवर धातूचा लेप लावून पाहिला. गल्लीत फिरवली तेव्हा गाडी कोरडी राहिली. मग अरुणाताईंना न सांगता ते एकटेच पानिपतकडच्या जी. टी. रोडला लागले. अलीपूरच्या पुढे तोच वास आला. त्यांनी गाडी तिथूनच माघारी वळवली.

उल्काला मुलगा झाल्याचा निरोप शेजारच्या अलकनंदाबाईंच्या फोनवर आला. मेश्राम तेव्हाही गाडीखालीच होते. अरुणाताई बाहेर येऊन निंबाखालच्या स्टुलावर बसल्या.

"अहो, खरं सांगा. होणार आहे का ही नीट?"

मेश्राम बाहेर सरकले आणि हात पुसत राहिले. "नाही," ते म्हणाले.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही तरी जाऊन या. आपलं कुणीतरी दिसायला हवं तिथं."

बारशाला ते बसनं गेले. बुद्धवंदना झाली, पेढे वाटले. निघताना उल्कानं विचारलं, "बाबा, पुढच्या थंडीत आई येईल ना?" त्यांनी मान हलवली, ती हो होती की नाही, ते त्यांनाही कळलं नाही.

घरी आल्या आल्या अरुणाताईंनी विचारलं, "नाक कुणासारखं आहे?"

"तुझ्यासारखं."

"आणि कपाळ?"

पोर दुपट्यात गुंडाळलेलं होतं, झोपलेलं. उल्काच्या सासूबाईंच्या खोलीत, जिथं त्याला पाहिलं, अंधार होता. मेश्रामांना धड काही आठवत नव्हतं. तरी त्या विचारत गेल्या आणि ते सांगत गेले: कपाळ रुंद, केस दाट, बोटं लांब. अरुणाताई डोळे मिटून ऐकत होत्या.

पानिपतचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. उन्हाळ्यात मायापुरीचा भंगारवाला गाडी ओढून न्यायला आला तेव्हा त्या आत पोळ्या लाटत होत्या. बाहेर आल्या नाहीत. मेश्रामांनी निंबाखालच्या काळ्या चिकट जमिनीवर दोन घमेली माती टाकली, पायानं सारखी केली आणि हात धुवायला नळाकडे गेले.